बेबीला मोठं इंजिन

९ सप्टें. ७१, गुरुवार

ऐन पितृपंधरवड्यात घरात इंजिन आलं. ह्या दिवसांत लोक साधं मडकं विकत आणत नाहीत आणि ह्यांनी बैलगाडीतून अख्खं अँबॅसिडरचं इंजिन आणून परसात उतरवलं. वर गोणपाट झाकलं. चोरीचा माल असल्यासारखं.

"कशाला?" "बेबीला बसवायचं." "बेबीच्या इंजिनाला काय धाड भरलीय?" "दम न्हाई त्याच्यात."

बेबी म्हणजे आमची मोटार. पुढं आम्ही दोघं बसलो की मागं दोन पोती मावतात, एवढाच जीव तिचा. चार वर्षांत एकदाही कुरकुर नाही. आता एकाएकी दम कमी पडला?

पंधरवडा सरू द्या म्हटलं, तर "तेवढा वेळ न्हाई." कसला वेळ? विहिरी भरलेल्या, पंपाच्या दुकानात चिटपाखरू नाही, दिवसभर माशा मारत बसतात. मग घाई कशाची? काहीतरी शिजतंय.

११ सप्टें., शनिवार

पुणतांब्यात चढ म्हणाल तर रेल्वेच्या फाटकाचा. कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, कुठंही जा, सगळं पोळपाट. ह्यांना चढायचंय कुठं?

विचारलं. "ताकद असल्याली बरी." नऊ वर्षांच्या संसारात ह्या माणसानं एका प्रश्नाला सरळ उत्तर दिलं असेल तर शपथ.

१२ सप्टें., रविवार

सकाळीच उस्मानभाई आले. कोपरगावला गॅरेज आहे त्यांचं, ह्यांचे शाळेपासूनचे दोस्त. विहिरीतून पंप काढायची तीन पायांची घोडी बेबीवर उभी केली, साखळी लावली आणि जुनं इंजिन उपटून काढलं. बेबीचं तोंड म्हातारीच्या बोळक्यासारखं दिसायला लागलं. मला उगीच वाईट वाटलं.

चहा घेऊन गेले तर दोघं गप्प. मी वळले की पुन्हा कुजबुज. विटांच्या ढिगामागं उभी राहिले. हो, राहिले! उस्मानभाई म्हणाले, "तिला बसवून घाट चढायचा तर एवढं लागणारच." हे म्हणाले, "घरात काय बोलू नको. येळ आली की मी बघतो."

तिला. तिला म्हणजे कोणाला?

नंतर कळलं, चहात साखर घालायचीच राहिली होती. दोघांनी मुकाट्यानं प्यायला. मन थाऱ्यावर असतं तर ओरडले असते.

१५ सप्टें., बुधवार

हे दुकानात गेल्यावर डिकी उघडली. माझ्या घरची मोटार आहे, चोरी थोडीच.

एक, चाकांच्या वर आतून लाल माती. आमच्याकडं काळी. लाल माती तिकडं अकोले तालुक्याच्या डोंगरात. दोन, फडक्यात बांधलेले मूठभर तांदूळ, वासाचे. दुकानचे नव्हेत. तीन, नवंकोरं लुगडं. गडद निळं, नऊवारी. मी सहावारी नेसते, लग्नापासून.

म्हणजे दर मंगळवारी कोपरगावला माल आणायला जातात तो माल हा. माल कधी दिसला नाही म्हणून मीच विचारायचे, तर "संपला व्हता."

लुगडं होतं तसं घडी करून ठेवलं. राग होता की भीती, सांगता येत नाही.

रात्रभर डोळा नाही. मला मूल नाही. हे वहीत आजवर लिहिलं नव्हतं, लिहिलं की पक्कं होईल असं वाटायचं. गावात दोघांनी ह्याच कारणावरून दुसरी केलीय. कायदा असो नसो, डोंगरात जाऊन कोण बघतंय? एक दिवस ती बेबीतून उतरेल आणि मला म्हणतील, धाकटी बहीण समज.

समजते!

१९ सप्टें., रविवार. सर्वपित्री

खीर, वडे, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी. दरवर्षी दोन पानं वाढते, एक सासऱ्यांचं, एक सासूबाईंचं. सासूबाई गेल्या तेव्हा हे लहान होते. तिथी कोणी सांगितलीच नाही, म्हणून अमावास्येला. मी त्यांना पाहिलेलं नाही, पण नऊ वर्षं त्यांच्या पानावर खीर जरा जास्तच वाढत आले. ह्यांची आई.

आज पाटाजवळ येऊन उभे राहिले. "आईचं पान वाढू नको."

"का?"

"नको म्हटलं ना! एकच वाढ."

आवाज चढला होता. नंतर परसात जाऊन इंजिनाशेजारी बसले ते कावळा शिवला तरी उठले नाहीत. एकच पान, एकच कावळा, काम लवकर उरकलं.

मी भांडी घासताना रडले. ज्याला मेलेली आई नकोशी झाली, त्याला जिवंत बायकोची काय पडलीय?

२१ सप्टें., मंगळवार

काल घट बसले. आमच्या दारात मात्र ठोकाठोकी. मोठं इंजिन लहान पोटात मावेना. पुढची जाळी काढली, पाण्याची टाकी पुढं सरकवली, पाय ठेवायच्या पत्र्याला घण घालून खड्डा पाडला. लोहारानं इंजिनाला नवे पाय जोडून दिले. इंजिन बसलं, तशी बेबीनं नाक खाली टेकलं. पुढच्या स्प्रिंगा बसल्या.

उस्मानभाईंचं एकच पालुपद. "इंजिन मोठं, ब्रेक तेच. चढेल रे, उतरताना काय करशील?"

हे म्हणाले, "उतरताना ती संगं आसंल. सावकाश येऊ."

मी तिथंच उभी होते, धुणं वाळत घालत. मला बघून म्हणाले, "ती म्हंजे, मोटार." उस्मानभाईंनी लगेच मान खाली घालून पाना शोधायला सुरुवात केली. पाना त्यांच्या हातातच होता.

आज मंगळवार, पण मोटार उघडी पडलेली, म्हणून कोपरगाव रद्द. संध्याकाळी ओट्यावर बसून पश्चिमेकडं बघत होते. जेवण अर्धं टाकलं. झुरतायत!

२४ सप्टें., शुक्रवार

शेजारची शेवंता दूध घालायला आली. तिच्या डोळ्यातून काही सुटत नाही. "वैनी, मोटारीला येवढं दांडगं इंजिन? दादा कुटं मुंबईला जानार हायती का काय?" मी हसण्यावारी नेलं. तर माप उलटं करता करता म्हणते, "न्हाई, माज्या भावानं पाह्यलं त्यांना राजूरच्या बाजारात. सोबत लई जपून एका बाईला हाताला धरून चालवत व्हते म्हनं. त्यानं लांबूनच पाह्यलं, तोंड काय दिसलं न्हाई. डोईवर पदर व्हता."

दूध करपलं आज. मी विस्तवावर ठेवून विसरले.

राजूर. म्हणजे अकोल्याच्या वर, घाट चढून. उस्मानभाईंचा घाट तो हाच. हाताला धरून! मला नगरच्या स्टँडवर गर्दीत मागं टाकून हे पुढं चालतात, आणि तिला हाताला धरून.

माहेरी निघून जावं का? वडील काय म्हणतील ते माहीत आहे. "आम्ही तेव्हाच म्हणालो होतो." ते ऐकण्यापेक्षा इथं विहीर जवळ आहे. नाही, हे उगीच लिहिलं. विहिरीबिहिरीत मी जाणार नाही. माझं घर आहे, मी का जाऊ?

२६ सप्टें., रविवार

इंजिन सुरू झालं. केवढा तो आवाज! खिडकीच्या काचा थरथरल्या, शेवंताच्या म्हशीनं दावं तोडलं. हे लहान पोरासारखे हसले. किती दिवसांनी. एक क्षण मलाही हसू आलं, मग आठवलं कोणासाठी ते.

उस्मानभाईंना सहज विचारलं, "एवढी मोठी कारभारीण बंद पडायला काय लागतं हो?" त्यांना वाटलं वहिनींना आवड लागली. इंजिनावरची काळी टोपी उघडून आतला अंगठ्याएवढा काळा तुकडा काढून दाखवला. "रोटर. एवढा काढला की झालं, जागची हलत नाही. कोणी चोरून नेऊ नये म्हणून मुंबईचे लोक खिशात घालून झोपतात, वहिनी."

बरं झालं सांगितलं.

दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं ठरलंय. एकटेच जाणार. "जरा लांबचं काम हाय."

२८ सप्टें., मंगळवार. खंडेनवमी

आज हत्यारांना सुट्टी. पाने, स्क्रूड्रायव्हर, हातोडे, सगळं धुऊन पुसून पाटावर मांडलं. हळदकुंकू, झेंडूची फुलं. घोडीच्या साखळीलासुद्धा हार घातला. आता उद्या पूजा हलवेपर्यंत ह्यांचा नियम, हत्याराला हात लावायचा नाही, मोटारीचं बॉनेट उघडायचं नाही. मरेन पण नियम मोडणार नाही, असा हा माणूस. बाकी सगळे नियम मोडले तरी.

हे आंघोळीला गेले. मी पूजेचं ताट घेऊन बेबीला कुंकू लावायला गेले. घरची लक्ष्मीच लावते दरवर्षी. बॉनेटवर स्वस्तिक काढलं, मग बॉनेट उघडलं, टोपी काढली, तुकडा काढला, टोपी लावली, बॉनेट लावलं. वर झेंडू ठेवला.

रोटर हळदीच्या डब्यात आहे, तळाशी.

२९ सप्टें., बुधवार. दसरा

बेबी सुरू झाली नाही.

हार घालून, चाकाखाली लिंबं ठेवून, नवा सदरा घालून बसले. किल्ली फिरवली. नुसती घरघर. पुन्हा. पुन्हा. लिंबं तशीच. मी दारात उभी राहून बघत होते, पुरणाचा हात पदराला पुसत. आनंद झाला. खोटं कशाला लिहू.

मग पूजा हलवून बॉनेट आणि टोपी उघडली. मला वाटलं होतं ह्यांना कळणार नाही. विसरलेच की ह्यांचा जन्म इंजिनात गेलाय.

तेवढ्यात उस्मानभाई आपट्याची पानं घेऊन आले, दरवर्षीसारखे. हे काय म्हणाले ते कानात अजून आहे. "उस्मान, रविवारी तू उघडलं व्हतंस. तूच शेवटचा."

"म्हणजे मी नेला?"

"तुला ब्रेकची काळजी. जाऊ नये म्हणून नेला आसशील."

उस्मानभाईंनी सोनं ह्यांच्या हातात दिलं नाही, ओट्यावर ठेवलं. माझ्याकडं वळून म्हणाले, "येतो वहिनी." पुरणपोळीचं ताट तसंच राहिलं.

तीस वर्षांची दोस्ती असेल, नसेल, मी ती डब्याच्या तळाशी ठेवली. आता मात्र आनंद नाही. पण बोललेही नाही.

३० सप्टें., गुरुवार

हे कोपरगावला एसटीनं गेले. रोटर मिळाला नाही, दुकानदार म्हणे सोमवारी मागवून देतो. उस्मानभाईंच्या गॅरेजवरून गेले पण आत गेले नाहीत. आल्यावर बेबीच्या पायरीवर बसले, गुडघ्यात डोकं घालून. पाठ हलत होती. ह्यांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. सासरे गेलेले मी पाहिले नाहीत, पण थोरले चुलते गेले तेव्हासुद्धा हा माणूस कोरडा.

एका बाईसाठी एवढं?

उद्या विचारणार. जे व्हायचं ते होऊ दे.

१ ऑक्टो., शुक्रवार

सकाळी चहा समोर ठेवला आणि विचारलं. "राजूरला कोण आहे ती?"

कप खाली ठेवला. "कुनी सांगितलं?"

"कोण आहे?"

"आई."

मी म्हटलं, कोणाची आई? असं म्हटलं मी. वेड्यासारखं.

बोलायला लागले ते थांबेचनात. सासरे वारले तेव्हा हे सहा वर्षांचे. सासूबाईंच्या भावांनी त्यांचा दुसऱ्या नवऱ्याशी पाट लावून दिला, वर डोंगरात. पाटाच्या बाईनं पहिल्या घरचं पोर न्यायचं नाही. चुलत्यांनी पोराला सांगितलं, आई मेली. गावानंही तेच सांगितलं. पुढं कोणी तोंड उघडलं नाही. ह्या आषाढात कोपरगावच्या बाजारात एक तांदूळवाला भेटला, पुणतांब्याचं नाव ऐकून म्हणाला, आमच्या वाडीत तुमच्या गावची एक म्हातारी आहे, बाजारच्या प्रत्येक माणसाला एका पोराचं नाव विचारते. ह्यांचं नाव.

दुसरा नवरा गेला. सावत्र मुलं एका खोपटात ठेवतात. कंबर मोडलीय, एसटीचे धक्के सोसत नाहीत. मंगळवारी भेटायला जायचे ते तिकडंच. बेबीनं घाट चढायला गेले दोनदा, तर विठ्याच्या घाटात बेबी मागं यायला लागली, उस्मानभाई चाकामागं दगड लावत चालले. एकदा तर वाटेत बेबी सोडून दुसऱ्या गाडीनं वर गेले.

"मला का नाही सांगितलं?"

"तुज्या वडलांना सांगितलं व्हतं आई वारली म्हून. पाटाची बाई सासू, म्हटलं असतं तर दिली असती का तुला? आनि तू... तू लई लवकर तापतीस."

तापतेच. पण नऊ वर्षं मी एका जिवंत बाईच्या नावानं पान वाढलं! आगारीच्या विस्तवात घास टाकला! आणि कावळ्यानं दरवर्षी दोन्ही पानं खाल्ली. आता सांगा, त्यानं कोणाचं खाल्लं?

उठले. हळदीचा डबा आणून पालथा केला ताटात. पिवळा रोटर बाहेर आला. हे त्याच्याकडं बघत राहिले, माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं आता हात उगारतील. तर हसायला लागले, मग रडायला लागले, मग दोन्ही. मीही.

"उस्मानला काय सांगू?" म्हणाले.

२ ऑक्टो., शनिवार

मीच गेले कोपरगावला, एसटीनं. पुरणपोळ्या पुन्हा केल्या. उस्मानभाई एका ट्रकखाली आडवे होते, बाहेर येईनात. पायांशीच बोलले मी. "उस्मानभाई, रोटर मी घेतला होता. हळदीच्या डब्यात ठेवला होता."

पान्याचा आवाज थांबला. मग खालून, "हळद चालते वहिनी. मिरचीच्या डब्यात ठेवला असता तर मोटार शिंकली असती." पण बाहेर आले तेव्हा हसत नव्हते. म्हणाले, "त्यानं माझ्यावर आळ घेतला, तर त्यानं यायला पाहिजे होतं." खरं आहे. पोळ्या ठेवून घेतल्या, एवढंच.

संध्याकाळी हे गेले. उशिरा आले. काय झालं विचारलं नाही. ओट्यावर राहिलेली सोन्याची पानं ह्यांच्या खिशात होती, वाळलेली.

३ ऑक्टो., रविवार. राजूरच्या वर, वाडीत

ओट्यावर बसून लिहिते. उजेड आहे अजून.

घाट बेबी दुसऱ्या गियरमध्ये चढली. एकदाही मागं नाही. दरीकडं बघून मी देवाचं नाव घेत होते, हे शीळ घालत होते. पुढच्या सीटवर मी. परतताना ती सीट सासूबाईंची.

सासूबाई खोपटाच्या दारात बसलेल्या. साठीच्या असतील, दिसतात ऐंशीच्या. निळं लुगडं मी दिलं. हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं, बाजूला ठेवलं. मग माझ्याकडं असं बघितलं, जसं मी महिनाभर ह्यांच्याकडं बघत होते.

"आता मला न्यायला का आलासा?" ह्यांना म्हणाल्या. "जमिनीचं काय निघालं का? माजा अंगठा पायजे का?"

"आई, तसं काय न्हाई. तुला न्यायला मोटारीला इंजिनसुद्धा मोठं बसवलंय."

"मंग मोटारीला येवढं मोठं इंजिन कशापाई बसवलं? कोन आईसाठी इंजिन बसवतं व्हय?"

बाई गं! मला हसू आवरेना. माझ्याच वळणाची निघाली. तोंड फिरवून हसले तर तेही त्यांनी पाहिलं आणि संशय आणखी वाढला.

हे समजावून थकले. तुझी खोली तयार आहे, दवाखाना जवळ आहे, सून आहे. त्या आपल्या एकच धरून. "खाली मी मेलेली हाय. मेलेल्या मानसानं कुटं बसायचं, चुलीपाशी का पितरांत?"

माझ्या तोंडून निघून गेलं. "सासूबाई, नऊ वर्षं मी तुमचं पान वाढलं. खीर, वडे. कावळ्यानं खाल्लं. आता एकदा समोर बसून जेवा."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. पहिल्यांदाच.

"खिरीत वेलदोडा घालतीस?"

"घालते."

"मला सोसत न्हाई," म्हणाल्या आणि भिंतीकडं तोंड करून पडल्या. तेव्हापासून एक शब्द नाही. लुगडं मात्र उशाला ओढून घेतलंय.

हे म्हणतात, सकाळी नाही म्हणाली तर निघू, जबरदस्ती नको, पुन्हा येऊ. पुन्हा कधी? आणि येईपर्यंत इथं कोण बघणार तिला? आता ओढ्यावर तोंड धुवायला गेलेत.

मी बॉनेट उघडलं. रोटर माझ्या कनवटीला आहे. ती होय म्हणेपर्यंत कोण निघतंय इथून, बघते.